स्वतःच्या प्रोजेक्टची प्रगती लोकांसमोर कशी मांडावी

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर (ऑनलाइन चर्चागटावर) एक छोटा मजकूर टाकला. ३८६ जातीच्या प्रोसेसरच्या कॉम्प्युटरसाठी आपण एक मोफत ऑपरेटिंग सिस्टम लिहितो आहोत, एप्रिलपासून काम चालू आहे, बॅश (कमांड देण्याचा प्रोग्राम) आणि जीसीसी (कंपायलर) तिच्यावर चालू लागलेत, काही महिन्यांत वापरण्याजोगं काहीतरी हाती येईल, असं त्यांनी कळवलं. मिनिक्समधलं काय आवडतं आणि काय खटकतं, हे लोकांना विचारलं. शेवटी हेही सांगून टाकलं, की ही सिस्टम दुसऱ्या प्रोसेसरवर नेण्याजोगी नाही आणि एटी जातीच्या हार्डडिस्कखेरीज दुसरं काही तिला बहुधा कधीच जमणार नाही, कारण आपल्याकडे तेवढीच डिस्क आहे.

त्या सिस्टमचं, म्हणजे लिनक्सचं, पुढे काय झालं ते घटकाभर बाजूला ठेवा आणि तो मजकूर नुसता प्रगतीचा अपडेट म्हणून वाचा. काय बनतंय, कशावर चालतं, आज काय चालतं, काय चालत नाही आणि वाचणाऱ्याकडून काय हवंय, हे सगळं काही ओळींत आलंय. माझ्या मते चांगल्या अपडेटची कसोटी आजही हीच आहे. वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं आहेत. तेवढ्यात प्रोजेक्ट कुठवर आलाय ते त्याला कळायला हवं, तो हाताळून बघता यायला हवा आणि उत्तर काय द्यायचं तेही समजायला हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन मिनिटांच्या तयारीसाठी आहेत.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, तुम्ही एक छोटी वेबसाइट बनवताय. घरात कोणती पुस्तकं आहेत आणि त्यातलं कुठलं पुस्तक कोणाला उसनं दिलंय, याची नोंद तिच्यात ठेवता येते.

पायरी १ : कोणाला सांगताय ते आधी ठरवा

एकच बदल तीन जणांना तीन तऱ्हांनी सांगावा लागतो. वेबसाइट वापरणाऱ्याला ‘आता पुस्तक परत आलं की एका टॅपमध्ये नोंद होते’ एवढं पुरतं. दुसऱ्या डेव्हलपरला ती नोंद सर्व्हरवर कशी जाते आणि मध्येच नेट गेलं तर काय होतं, यात रस असतो. तिसरा वाचक म्हणजे सहा महिन्यांनंतरचे तुम्ही स्वतः. त्याला हवं असतं कारण : हा मार्ग का घेतला, दुसरा का सोडला. तिघांसाठी एकच मजकूर लिहायला गेलं की तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. प्रत्येक अपडेटसाठी एक मुख्य वाचक निवडा. बाकीच्यांसाठी एखादी ओळ किंवा लिंक द्या.

पायरी २ : काम चालू असतानाच टिपून ठेवा

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आठवडाभर काम होतं, रविवारी लिहायला बसलं की काहीच आठवत नाही आणि मग ‘बरीच कामं केली’ असं मोघम काहीतरी लिहिलं जातं. यावर उपाय एकच, लिहिण्याचा कच्चा माल रोजच्या कामातून जमा होत राहिला पाहिजे.

पहिला कच्चा माल म्हणजे कमिट मेसेज. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट आणि तिच्यासोबत लिहायचा मजकूर म्हणजे हा मेसेज. ‘बदल केले’, ‘फिक्स’, ‘परत फिक्स’ अशा मेसेजमधून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘परतीची तारीख रिकामी असली तरी पुस्तक सेव्ह होऊ दे’ असं लिहिलं, तर तीच ओळ पुढे अपडेटमध्ये जवळजवळ जशीच्या तशी वापरता येते. गिट वापरणाऱ्यांमध्ये रूढ पद्धत अशी : पहिली ओळ साधारण ५० अक्षरांच्या आत आणि आज्ञार्थी, मग एक ओळ मोकळी, आणि खाली हवं तर सविस्तर मजकूर, ज्याची प्रत्येक ओळ ७२ अक्षरांच्या आसपास मोडलेली. त्या सविस्तर मजकुरात ‘काय बदललं’ हे पुन्हा लिहीत बसू नका, ते कोडमध्ये दिसतंच. ‘का बदललं’ ते लिहा. आठवडा संपला की ‘गिट लॉग’ या कमांडला ‘सिन्स’ आणि ‘वनलाइन’ हे पर्याय द्यायचे. त्या मुदतीतले सगळे कमिट एकाखाली एक, प्रत्येकी एका ओळीत समोर येतात. अपडेटचा सांगाडा तयार!

दुसरा कच्चा माल म्हणजे एक साधी नोंदवही. रेपोतच, म्हणजे प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमध्ये, एक मजकुराची फाइल ठेवा आणि काम थांबवताना तिच्यात तीन ओळी लिहा : काय झालं, कुठे अडलं, पुढे काय. उदाहरणार्थ, ‘परत बटण यादीत आणलं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या की दोन्हींची नोंद बदलते, कारण शोध शीर्षकावरून होतोय. उद्या प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक देऊन बघायचं.’ यातली मधली ओळ सगळ्यात मोलाची आहे. अडलेली गोष्ट सुटली, की ती कशी अडली होती हे माणूस विसरतो आणि लिहिताना फक्त सुटल्याचं सांगतो. वाचणाऱ्याला खरं शिकायला मिळतं ते अडण्यातून.

तिसरा म्हणजे ‘आधीचा’ स्क्रीनशॉट. एखादं पान बदलायला घेण्याआधी त्याचं चित्र काढून ठेवायची सवय लावा. राहून गेलंच, तर गिट वर्कट्री वापरून जुना कमिट वेगळ्या फोल्डरमध्ये उघडता येतो आणि तिथून चित्र घेता येतं. चालू कामाला धक्का लागत नाही. पण मध्यंतरी डेटाबेसची रचना बदललेली असली, तर जुना कोड चालू करण्यातच संध्याकाळ जाते. आधीच चित्र काढायला पाच सेकंद लागतात.

पायरी ३ : उघडून बघता येईल असं काहीतरी द्या

वर्णन कितीही चांगलं असो, लिंक उघडून दोन बटणं दाबली की जे कळतं ते वर्णनातून कळत नाही. म्हणून प्रोजेक्ट अर्धा असतानाच तो कुठेतरी चढवून ठेवा. लोकलहोस्टची, म्हणजे १२७.०.०.१ ची लिंक पाठवून काही उपयोग नाही. तो पत्ता उघडणाऱ्याला त्याच्याच मशीनकडे नेतो. नुसतं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट असेल तर गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय या होस्टिंग सेवांवर साइट चढवणं सोपं आहे. मात्र गिटहब पेजेसवर सर्व्हरवर चालणारा कोड चालत नाही, फक्त तयार फाइली पाठवल्या जातात, आणि चढवलेल्या साइटचा आकार १ जीबीच्या आत ठेवावा लागतो.

आपल्या मशीनवर ठणठणीत असलेली साइट वर चढवल्यावर मोडते, त्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिलं कारण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टची साइट बहुधा मुख्य पत्त्याखाली रेपोच्या नावाच्या पोटविभागात बसते. कोडमध्ये चित्रांचे आणि सीएसएसचे पत्ते तिरक्या रेघेने, म्हणजे अगदी मुळापासून सुरू होत असतील, तर ब्राउझर त्या फाइली भलत्याच ठिकाणी शोधतो आणि पान उघडंबोडकं दिसतं. दुसरं कारण इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं. विंडोज आणि मॅक सहसा फाइलच्या नावातला तो फरक मानत नाहीत, लिनक्सवर चालणारा सर्व्हर मानतो. घरी दिसणारं चित्र तिथे गायब होतं.

डेमो रिकामा ठेवू नका. ‘अजून एकही पुस्तक नाही’ असं पान बघून कोणीही काही सांगू शकत नाही आणि स्वतःची पुस्तकं भरत बसायला कोणाला वेळ नसतो. पंधरा-वीस बनावट पुस्तकं आधीच भरून ठेवा आणि ती मुद्दाम वाकडीतिकडी निवडा. एक शीर्षक लांबलचक, एकाला मुखपृष्ठच नाही, एका लेखकाचं नाव एकाच शब्दाचं, आणि काही शीर्षकं देवनागरीत. देवनागरीने साइटची खरी परीक्षा होते. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) ते चार संकेतांक मिळून बनतं. ‘२० अक्षरांनंतर शीर्षक कापा’ असा कोड लिहिला असेल तर तो अक्षर मधूनच चिरतो आणि शेवटी लोंबकळता हलन्त उरतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर ही मजकूर अक्षरांत नीट तोडणारी सोय वापरून हे टाळता येतं. ओळींमधलं अंतर फार कमी असेल आणि बाहेर जाणारा भाग लपवला असेल, तर वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. इंग्रजी मजकुरावर यातलं काहीच लक्षात येत नाही.

लिंक पाठवण्याआधी ती प्रायव्हेट विंडोत उघडा आणि मग फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. तुमच्या ब्राउझरमध्ये लॉगिन आणि कॅश (साठवलेल्या जुन्या फाइली) दोन्ही असल्यामुळे बिघाड झाकला जातो. परक्या माणसाला काय दिसणार ते असंच कळतं.

डेमो सर्च इंजिनमध्ये यायला नको असेल तर पानाच्या रोबॉट्स मेटा टॅगमध्ये ‘नोइंडेक्स’ लिहा. रोबॉट्स फाइलमध्ये साइटला नुसती बंदी घातली तर गडबड होऊ शकते : क्रॉलर (सर्च इंजिनचा पानं वाचणारा प्रोग्राम) पान उघडत नाही, त्यामुळे त्यावरचं ‘नोइंडेक्स’ही त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडून लिंक मिळाली की पत्ता निकालांत येऊ शकतो. साइट खरोखरच खाजगी ठेवायची असेल तर पासवर्डच लावा.

पायरी ४ : बाहेर टाकण्याआधी झाडाझडती

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच वगळली जाते. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, तेव्हा इथे सावकाश चला.

एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली), डेटाबेसचा पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखीच गुप्त खूण) ही मंडळी ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवायची आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने नोंदीत घेऊ नये अशा फाइलींच्या यादीत) घालायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते हे : फाइल आधीच गिटच्या नोंदीत आली असेल, तर नंतर गिटइग्नोरमध्ये नाव घालून काही होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ हा पर्याय देऊन ती नोंदीतून काढावी लागते. आणि तरीही जुन्या कमिटमध्ये ती असतेच. पुढच्या कमिटमध्ये फाइल पुसली म्हणजे इतिहास पुसला जात नाही, कोणीही मागे जाऊन ती वाचू शकतं.

गुप्त की बाहेर गेल्याचं लक्षात आलं तर क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात आधी ती की रद्द करून नवी घ्या. मग त्या सेवेचा वापर तपासा. त्यानंतर वाटलं तर गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास साफ करा. घाबरून लोक उलट्या क्रमाने जातात. इतिहास साफ करण्यात वेळ घालवतात आणि तोवर की चालूच असते. शिवाय कोणी आधीच क्लोन किंवा फोर्क करून रेपोची स्वतःची प्रत घेतली असेल, तर तुमच्या साफसफाईचा त्या प्रतीवर काही परिणाम होत नाही. सार्वजनिक रेपोत पुश करताना, म्हणजे कमिट वर चढवताना, गिटहब (रेपो ठेवायची वेबसाइट) ओळखीच्या नमुन्यातली टोकन अडवतं. तुम्ही स्वतः मनाने ठरवलेला पासवर्ड मात्र त्याला ओळखता येईलच असं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

फ्रंटएंडची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाची, गोष्ट वेगळी आहे. ब्राउझरकडे जाणारी प्रत्येक की सार्वजनिकच समजायची. व्हीटसारख्या बिल्ड टूलमध्ये (कोडपासून तयार फाइली बनवणाऱ्या साधनात) ठराविक उपसर्ग लावलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे ‘डॉट ईएनव्ही’तल्या नोंदी, थेट तयार फाइलमध्ये उतरतात. ‘डॉट ईएनव्ही’मध्ये ठेवली म्हणजे लपली, असं होत नाही. अशी की फक्त ठराविक डोमेनवरून चालेल असं बंधन त्या सेवेच्या सेटिंगमध्ये घाला, किंवा ते काम सर्व्हरकडे न्या.

आता कोडबाहेरच्या गोष्टी. प्रत्येक कमिटमध्ये तुमचं नाव आणि ईमेल पत्ता कोरला जातो आणि रेपो सार्वजनिक झाला की तो कोणालाही वाचता येतो. नको असेल तर गिटहब देतं तो ‘नोरिप्लाय’ पत्ता गिटच्या सेटिंगमध्ये घाला, तोही पहिल्या कमिटच्या आधी. स्क्रीनशॉटमध्ये शेजारचे टॅब, बुकमार्क, नोटिफिकेशन, टर्मिनलमधलं युजरनेम आणि पत्त्याच्या पट्टीतलं टोकन नजरेखालून घाला. काही झाकायचं असेल तर भरीव रंगाचा चौकोन टाका. पिक्सेल मोठे करून धूसर केलेला मजकूर परत वाचता आल्याची उदाहरणं आहेत. फोनने स्क्रीनचा फोटो काढला असेल तर त्यात जागेची माहिती असू शकते, तीही काढून टाका. आणि खऱ्या माणसांची नावं डेमोत कधीच नकोत, मित्रांचीसुद्धा. ‘हे पुस्तक अमुककडे दोन वर्षं पडून आहे’ हे जगाला सांगायची परवानगी त्या मित्राने दिलेली नाही.

नोकरीतला कोड, ग्राहकाचा डेटा किंवा ऑफिसच्या वेळेत बनलेली गोष्ट असेल तर करार वाचल्याशिवाय त्यातली ओळही बाहेर टाकू नका.

पायरी ५ : आता लिहा

एक नमुना बघा :

‘या आठवड्यात खूप काम झालं. बॅकएंड रिफॅक्टर केला, यूआय सुधारला, काही बग काढले. लवकरच मोठं काहीतरी येतंय. फीडबॅक द्या.’

यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. हा कशाचा प्रोजेक्ट आहे? कुठला बग? फीडबॅक कशावर द्यायचा? तेच काम असंही सांगता येतं :

‘घरातलं कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते लिहून ठेवायची वेबसाइट, आवृत्ती ०.३. पुस्तक परत आल्याची नोंद आता यादीतूनच एका टॅपमध्ये होते. आधी त्यासाठी तीन पानं ओलांडावी लागायची. देवनागरीत टाइप करूनही शोधता येतं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर मात्र दोन्ही एकदम परत आल्यासारख्या दिसतात, त्यावर काम चालू आहे. डेमोला लॉगिन लागत नाही, आत बनावट पुस्तकं भरलेली आहेत. फोनवर एखादं पुस्तक उसनं देऊन परत घेऊन बघा. परत घ्यायचं बटण शोधावं लागलं का, एवढंच सांगा.’

पहिल्या वाक्यात प्रोजेक्टची ओळख आहे, आणि ती प्रत्येक अपडेटमध्ये द्यायची. मागचा अपडेट वाचलाय असं कोणाबद्दलही गृहीत धरू नका. बदल आधी-आता असा सांगितलाय, त्यामुळे न बघताही फरक कळतो. मोडलेली गोष्ट स्वतःहून सांगितलीय. ती लपवली असती तर पहिल्या पाच जणांनी तीच शोधून कळवली असती आणि तुमचा खरा प्रश्न बाजूला पडला असता.

वाचक डेव्हलपर असतील तर एखादा तांत्रिक निर्णय सविस्तर घ्या, पण एकच. ‘शोध सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये आणला. एका घरात पुस्तकं काहीशेच असतात, सगळी यादी एकदम पाठवणं परवडतं आणि टाइप करता करता निकाल दिसतात. यादी हजारोंवर गेली तर हा निर्णय बदलावा लागेल.’ निर्णय, कारण आणि तो कुठवर टिकेल, हे तिन्ही आले की वाचणारा त्यावर वाद घालू शकतो. वापरलेल्या लायब्ररींची नुसती यादी दिली तर तिच्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

आकडे दिलेत तर ते कसे मोजले तेही द्या. ‘साइट दुप्पट वेगवान झाली’ याला अर्थ नाही. लाइटहाऊस या वेग तपासणाऱ्या साधनाचा निकाल एकाच मशीनवरही दर वेळी थोडा बदलतो, म्हणून चाचणी पाच वेळा चालवा, मधला आकडा घ्या आणि मोबाइलची सेटिंग होती की डेस्कटॉपची ते लिहा. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या मापदंडांमध्ये चांगल्याची मर्यादा अशी आहे : पानातला सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, वापरणाऱ्याच्या क्रियेला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर उड्या मारण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. तुमचा आकडा याशेजारी ठेवला की वाचणाऱ्याला तो लगेच तोलता येतो.

दोन गोष्टी मात्र मी कधीही लिहू नका म्हणेन. एक, ‘८० टक्के पूर्ण’. उरलेल्या कामातच सगळी अवघड कामं दडलेली असतात आणि तो आकडा तुम्हालाच अडचणीत आणतो. दुसरी, फावल्या वेळात चाललेल्या कामाची पक्की तारीख. पुढे काय करायचंय ते सांगा, कधी ते मोकळं ठेवा. आणि दुसऱ्याचं थीम, आयकॉन किंवा कोड वापरला असेल, किंवा मोठा भाग एआयकडून लिहून घेतला असेल, तर ते स्वच्छ सांगा. वाचणारा त्यावरूनच ठरवतो की प्रश्न तुम्हाला विचारायचा की मूळ लेखकाला.

पायरी ६ : चित्रं आणि लिंकचं रूप

पूर्ण स्क्रीनचं चित्र फोनवर वाचता येत नाही. बदललेला भाग कापून घ्या आणि आधीचं-आताचं चित्र एकाच रुंदीच्या विंडोत काढा, नाहीतर फरक बदलाचा की विंडोचा ते कळत नाही. हालचाल दाखवायची असेल तर जीआयएफपेक्षा लहानसा एमपी४ व्हिडिओ बरा : जीआयएफच्या एका फ्रेममध्ये २५६ रंगच मावतात आणि फाइल मात्र फुगते. पंधरा-वीस सेकंद पुरे, आवाजाशिवाय समजेल असा. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर लिहा. स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांना ‘स्क्रीनशॉट १’ मधून काही कळत नाही, ‘पुस्तकांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या उजवीकडे परत आल्याचं बटण’ यातून कळतं.

लिंक कुठेही चिकटवली की खाली जो चौकोन दिसतो, तो पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतो. शीर्षक, वर्णन आणि १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र एवढं भरा, आणि चित्राचा पत्ता पूर्ण द्या. हे लिंक पाठवण्याआधी करा, कारण बरेच प्लॅटफॉर्म पहिल्यांदा दिसलेला चौकोन साठवून ठेवतात आणि मग नंतर केलेली दुरुस्ती बराच काळ दिसत नाही.

पायरी ७ : प्रतिसाद मागणं आणि पचवणं

‘कसं वाटलं?’ याला ‘छान आहे’ हेच उत्तर येतं. समोरच्याला एक काम द्या आणि त्या कामाबद्दल एक प्रश्न विचारा. ‘पुस्तक उसनं देताना कुठल्या पायरीवर थांबावं लागलं?’ याला कोणीही उत्तर देऊ शकतं, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही.

प्रतिसाद आला की पहिली उबळ असते समजावून सांगायची : ते बटण तिथेच आहे, वर उजवीकडे. ती आवरा. त्या माणसाला बटण दिसलं नाही ही घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर वाद होऊ शकत नाही. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही ते कुठे शोधलंत?’ उत्तरात बहुतेक वेळा नवी जागाच मिळते. मागणी आली तर तिच्यामागची अडचण शोधा. ‘एक्सेलमध्ये डाउनलोड द्या’ म्हणणाऱ्याला कदाचित यादी छापून कपाटावर लावायची असेल. मग छापता येणारं एक साधं पान जास्त उपयोगी, आणि ते बनवायलाही सोपं.

बग कळवणाऱ्याकडून चार गोष्टी घ्या : कुठलं उपकरण, कुठला ब्राउझर, काय काय केलं, आणि काय व्हायला हवं होतं त्याऐवजी काय झालं. लगेच रेपोत इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा. बग सुटला की त्याच माणसाला जाऊन कळवा. हे फार थोडे लोक करतात, आणि ज्याला असं कळवलं जातं तो पुढच्या वेळी पुन्हा बघायला येतो. वर्षभर टिकणारे वाचक असेच जोडले जातात, माझा यावर पक्का विश्वास आहे.

कोणीच काही बोललं नाही तर? आधी बघा, उत्तर देण्याजोगं काही विचारलं होतं का. विचारलं असेल आणि तरी शांतता असेल, तर ओळखीच्या एका माणसाला स्क्रीन शेअर करून डेमो वापरायला सांगा आणि तोंडातून शब्द न काढता बघत राहा. मदत करायची नाही, इशारा करायचा नाही. त्या दहा मिनिटांत कर्सर कुठे घुटमळतो ते बघितलं की पुढच्या आठवड्याचं काम ठरतं.

पायरी ८ : आवृत्त्या, चेंजलॉग आणि वेळापत्रक

आवृत्तीचे आकडे सेमँटिक व्हर्जनिंगच्या पद्धतीने द्या. तीन आकडे असतात : जुनं मोडणारा बदल झाला की पहिला वाढतो, जुनं न मोडता नवीन सोय आली की दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. १.०.० च्या खाली असताना काहीही बदलू शकतं, हे त्या पद्धतीतच मान्य आहे, म्हणून सुरुवातीला शून्यावर राहायला संकोच नको. प्रत्येक आवृत्तीला गिटमध्ये टॅग लावा.

चेंजलॉग (कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद) म्हणजे कमिटची यादी ओतणं नव्हे. तो माणसांसाठी असतो. नवीन काय, बदललं काय, काढलं काय, दुरुस्त काय आणि सुरक्षेचं काही असेल तर ते, अशा गटांत लिहा, सगळ्यात नवं सगळ्यात वर आणि तारखेसह. स्वतःची साइट असेल तर अपडेटची मूळ प्रत तिथे ठेवा आणि आरएसएस फीड (नवा लेख आल्याचं वाचकाला कळवणारी सोय) द्या. बाकी ठिकाणी तिची लिंक द्या. प्लॅटफॉर्म येतात-जातात, तुमची नोंद तुमच्याकडे राहते.

दर आठवड्याला लिहायलाच हवं असं बंधन मी घालणार नाही. दिसण्याजोगा बदल झाला की लिहा. पण कधी कधी तीन आठवडे एका बगमागे जातात आणि दाखवायला काही नसतं. अशा वेळी त्या शोधाचीच गोष्ट लिहा : लक्षण काय होतं, आधी संशय कशावर होता, तो का चुकीचा ठरला, शेवटी कारण काय निघालं. समजा, ‘कधीतरी चालत होतं, आता चालत नाही’ अशी तक्रार होती आणि तुम्ही गिट बायसेक्ट वापरलं. ते दर वेळी उरलेल्या कमिटचे दोन भाग करतं, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. असा लेख नवीन फीचरच्या घोषणेपेक्षा जास्त जणांच्या उपयोगी पडतो, कारण तोच बग कुणीतरी दुसरा उद्या शोधणार असतो.

परवाना आणि रीडमी

रेपो सार्वजनिक केला म्हणजे कोड सगळ्यांना मोकळा झाला, असं नसतं. परवाना दिला नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि सरळमार्गी माणूस तो कोड वापरायला धजत नाही. कोणीही काहीही करो, फक्त नाव राहू दे, असं वाटत असेल तर एमआयटी. पेटंटबद्दलही स्पष्टता हवी असेल तर अपाचे २.०, आणि बदल करून पुढे वाटणाऱ्यानेही कोड खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. रीडमीत (रेपोची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) वरच्या चार-पाच ओळींत प्रोजेक्टची ओळख, एक चित्र, डेमोची लिंक आणि चालू करायची पद्धत असू द्या. ती पद्धत दुसऱ्या मशीनवर, नाहीतर निदान नव्या फोल्डरमध्ये क्लोन करून, लिहिलंय तशीच करून बघा.

काम थांबवायचं झालं तर

वैयक्तिक प्रोजेक्ट थांबतात. नोकरी बदलते, रस बदलतो, गरज संपते. तेव्हा शेवटचा अपडेटही बाकीच्यांसारखाच लिहा : काय चालतं, काय अर्धं राहिलं, कोणाला पुढे न्यायचं असेल तर कुठून सुरुवात करावी. रीडमीच्या पहिल्या ओळीत ‘यावर आता काम चालू नाही’ असं तारखेसह नोंदवा. गिटहबवर रेपो अर्काइव्ह करता येतो. तो वाचता येतो, फोर्कही करता येतो, पण त्यात नवे इश्यू उघडता येत नाहीत, त्यामुळे कोणी उत्तराची वाट बघत बसत नाही. कोणी डेमोत खरी पुस्तकं भरली असतील तर त्यांना यादी डाउनलोड करायची सोय आणि पुरेशी मुदत द्या. स्वतःचं डोमेन असेल तर ते सोडण्याआधी जुन्या अपडेटमधल्या, रीडमीतल्या आणि प्रोफाइलमधल्या लिंक बदलून घ्या. मुदत संपलेलं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमच्या नावाने दिलेली लिंक मग त्याच्या पानावर उघडते.